पोट सोडून वजन

तिसगावच्या पिराचा उरूस भरला होता. रविवारी सकाळी नबीलाल पाळणेवाला तंबूबाहेर बसून राखुंडीनं दात घासत होता, तेवढ्यात प्रभुदास समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, पुंजाराम गेला."

नबीलालचं बोट तोंडातच राहिलं. "गेला? काल तर दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यानं."

"तसा न्हाई गेला. नगरला गेला, पहाटंच्या बैलगाडीनं. कॅम्पात हमालीला लागला."

नबीलालनं चूळ भरली आणि ती थुंकायची राहूनच गेली. पुंजाराम धडधाकट आहे याचा आनंद मानावा की तो नगरला गेला याचं दुःख करावं, हे त्याला ठरवता येईना. शेवटी दुःखानं बाजी मारली.

साल त्रेचाळीस होतं. लढाई कुठंतरी लांब चालली होती, पण तिच्यासाठी राबणारी माणसं मात्र नगर जिल्ह्यातल्या गावागावांतून गोळा होत होती. नगरच्या लष्करी कॅम्पात पेट्या उचलायला, गवत कापायला, भिंतींना चुना लावायला माणूस पुरत नव्हता. नबीलालचा बाप मरताना मागं तीन गोष्टी ठेवून गेला होता. एक वेड्यावाकड्या आरशांचा तंबू, एक लाकडी घोड्यांची चक्री आणि एक चार पाळण्यांचा, दोन माळ्यांच्या घराएवढा उंच सागवानी रहाटपाळणा. हा सगळा संसार बैलगाड्यांत घालून नबीलाल जत्रांमागून जत्रा करायचा. दिवाळीत आरशांवरचा गडी कॅम्पात गेला आणि आरसे गोधडीत गुंडाळले गेले. संक्रांतीला चक्री ओढणारे दोघे गेले आणि घोडे पोत्यात गेले. आता उरला होता पाळणा, आणि त्यावरचा सगळ्यात कामाचा माणूस पहाटेच निघून गेला होता.

बघणाऱ्याला वाटायचं, पुंजाराम काहीच करत नाही. चार गडी पाळणा फिरवत. दोघं खालून खांदा लावत आणि दोघं लाकडी आऱ्यांवर चढून आपल्या वजनानं त्याला खाली आणत. पुंजाराम नुसता उभा राहून "तुमी हितं बसा, तुमी थांबा, ह्या मावशी पलीकडं" एवढंच म्हणायचा. पण खरी मेख तिथंच होती. समोरासमोरच्या पाळण्यांत सारखं वजन बसलं तर तो बोटानं ढकलला तरी फिरतो. एकीकडं जड आणि दुसरीकडं हलकं बसलं, की फिरवणाऱ्यांचे हाल कुत्रा खात नाही. पुंजाराम माणसाकडं एकदाच बघायचा आणि गर्दीतून नेमका त्याच्या जोडीचा माणूस हुडकून आणायचा.

"आजच्या दिवस तू बसव माणसं," नबीलाल म्हणाला.

"मी बसवली तर फिरवनार कोन? आमी चौघंच हाय."

"मग मी बसवतो."

प्रभुदासनं आपला खांदा चोळला. मग म्हणाला, "मागं मिरीच्या जत्रंत तुमीच बसवली हुती. त्या दिशी माजा खांदा निखळला. अजून थंडीत दुखतो."

नबीलालनं लोटा खाली ठेवला.

"सांगूनच टाकतो, मालक," प्रभुदास म्हणाला. "नगरचा मुकादम आज हितं येनार हाय. चार वाजता लॉरी भरून परत जानार. आमी चौघांनी ठरीवलंय. दुपारपतुर बसवनारा मिळाला तर बघू. न्हाईतर आमी बी निगालो. तिथं रईवारची सुट्टी हाय."

नबीलाल काही वाईट मालक नव्हता. गड्यांच्या ताटात त्याच्या ताटातलंच पडायचं. कुणाला ताप आला तर तो स्वतः काढा उकळून पाजायचा आणि रात्री दोनदा उठून कपाळाला हात लावून बघायचा. पण सुट्टी म्हणजे काय, हे त्याला खरोखरच कळत नसे. पावसाळ्यात पाळणा उतरवून ठेवला, की चार महिने सगळे घरीच असतात, मग मधेच आणखी एक दिवस कशाला, असं त्याला वाटे. प्रभुदास नगरच्या मिशनातला. बाकीच्या तिघांसारखाच बारा वर्षं तो पाळण्यावर होता आणि दर साली एकदा तो रविवारची गोष्ट काढायचा, उपासनेला जायचं म्हणायचा. दर साली नबीलाल हसून सांगायचा, "रविवारी तर जत्रंत माणूस जास्त येतं, बाबा." बाकीच्या तिघांना उपासनेशी कर्तव्य नव्हतं, पण रविवार त्यांनाही चालला असता.

चौघं गेले तर पाळणा म्हणजे नुसती लाकडं उरणार होती. नबीलालला दुसरं काही येत नव्हतं.

तंबूच्या कनातीआडून शरिफा सगळं ऐकत होती. ती बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "अवो, एवढं काय तोंड पाडून बसलाय? वजन सांगनारा मानूसच पायजे ना? माजा भाईजान कशाला हाय?"

शरिफाचा थोरला भाऊ बाबाजान शेरडांचा दलाल होता. उरसातल्या शेरडांच्या बाजारात तो आलेलाच होता. बोकडाच्या पाठीवर नुसता हात ठेवून तो त्याचं वजन पावशेराच्या फरकानं सांगायचा, आणि त्याचा शब्द दोन्ही बाजूंना मान्य असायचा. शरिफानं त्याला हात धरूनच आणला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खांद्यावरचा पंचा झटकला आणि म्हणाला, "शेरडू काय, मानूस काय, वजन ते वजन. दुल्हेभाई, तुमी निवांत बसा."

पहिलंच गिऱ्हाईक एक शाळामास्तर होते. बाबाजाननं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, कमरेच्या वर दोन बोटं दाबून पाहिली आणि तो त्यांचा जबडा उघडणार, एवढ्यात नबीलालनं त्याला मागं ओढलं.

"हात लावायचा नाही. नुसतं बघून सांगा."

"बघून सांगनारा दलाल फसतो, दुल्हेभाई."

"फसू द्या. पण दात बघू नका."

बाबाजान जरा नाराज झाला, पण कामाला लागला. सकाळच्या वेळी पोरंबाळंच जास्त आली. काटक अंगाची खेड्यातली लेकरं ती. बाबाजान एकेकाकडं डोळे बारीक करून बघे आणि जोड्या लावी. पाळणा असा हलका फिरू लागला, की आऱ्यावरचा गडी चक्क गाणं म्हणू लागला. "पुंजारामपरीस भारी बसवत्यात," असं प्रभुदासनं स्वतः कबूल केलं. नबीलालच्या जिवात जीव आला आणि तो पोटभर जेवला.

दुपारी सखाहरी मुकादम आले. लॉरी त्यांना उतरवून पुढच्या गावाला माणसं आणायला गेली आणि ते वही घेऊन लिंबाखाली बसले. माणूस गोड बोलणारा होता, आणि चांगलाच गोल होता. पोट आधी यायचं आणि मुकादम मागून यायचे. फेऱ्यांच्या मधल्या वेळात चौघं गडी त्यांच्याभोवती जमले. मुकादमांनी त्यांना कॅम्पातल्या गोष्टी सांगितल्या. दोनदा चहा मिळतो. रविवारी सुट्टी असते. आणि मुख्य म्हणजे ज्याचं काम त्यानंच करायचं. हमालानं हमाली करायची, माळ्यानं माळीकाम. कुणी कुणाला भलतं काम सांगायचं नाही. चौघांचे डोळे मोठे झाले. नबीलालकडं पाळणा फिरवणारा माणूस बैलांना चारा घालायचा, भाकरी भाजायचा, आणि शरिफा बाहेर गेली तर तिची कोंबडीही सांभाळायचा.

तीन वाजता चौघांनी वहीत अंगठे उठवले.

"अरे, पण बसवणारा मिळाला की," नबीलाल म्हणाला. "तू बघू म्हणाला होतास."

"बघू म्हनलो हुतो," प्रभुदास मान खाली घालून म्हणाला. "बघितलं."

नबीलाल मुकादमांकडं गेला. भांडायचं म्हणूनच गेला होता, पण त्याला भांडता येत नसे. तो म्हणाला, "साहेब, निदान एक फेरा तरी बसा. काय मोडून नेताय ते एकदा बघा तरी."

मुकादमांनी मान वर करून पाळण्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांच्या पोरासारखा झाला. "लहानपणी बसलो होतो हो," ते म्हणाले. "मग शरीर सुटलं. तेव्हापासून कुणी बसवूनच घेत नाही."

"आम्ही घेतो," नबीलाल म्हणाला. चौघं गडीही लाजेकाजेस्तव उठले. शेवटचा फेरा म्हणून फिरवू, असं त्यांचं ठरलं. बारा वर्षांची सोबत होती, पाळणा असा कसा टाकून जाणार?

त्या वेळी बाकीचे पाळणे रिकामे होते, खालच्यात बनुबाई नुकतीच चढून बसली होती. जवळच्याच वाडीवरची ही साठीची बाई, काडीसारखी सडसडीत आणि बोलायला फटकळ. बाबाजाननं तिच्याकडं पाहिलं, मग मुकादमांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, दोनदा मान हलवली आणि म्हणाला, "जोड बसली. चढवा."

गड्यांनी अर्धा फेरा देऊन बनुबाईला वर नेलं. समोरचा पाळणा खाली आला. मुकादम वही काखेत घेऊन त्यात बसले. पाळणा कण्हला आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर येऊन टेकल्यासारखा उभा राहिला. खालच्या दोघांनी खांदा लावला, वरचे दोघे आऱ्याला लोंबकळले. मुकादम हातभर वर गेले, तिथं जरा थांबले आणि होते तिथं परत आले. पुन्हा जोर लावला, तेव्हा दोन हात वर गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा प्रभुदासच्या खांद्यात कट्ट झालं आणि तो बाजूला झाला.

"बाबाजान," तो म्हणाला, "वजन किती धरलं तुमी?"

"बाईचं पस्तीस शेर. सायबाचं पस्तीस शेर."

"पस्तीस? ह्ये पस्तीस शेर हायेत?"

"पोट सोडून," बाबाजान शांतपणे म्हणाला.

नबीलालला काही कळेना. "पोट सोडून म्हणजे?"

"म्हंजे काय? बोकडाचं वजन कुनी पोटासकट धरतं व्हय? आतडी गेली, कातडं गेलं, मुंडी गेली, चरबी गेली. कापून टांगल्यावर ऱ्हाईल त्ये वजन. बाईत टाकून द्यायला काय बी न्हाई, सगळा माल हाय. सायबात टाकायलाच जास्त. पस्तीस बी मी मानसाचा मान राखून धरलं."

मुकादमांनी काखेतली वही पोटावर धरली. चाळीस वर्षं बाबाजाननं एकाही गिऱ्हाइकाला फसवलं नव्हतं आणि आजही फसवलं नव्हतं. सकाळच्या लेकरांना पोटच नव्हतं, म्हणून हा घोळ तोवर कुणाच्या ध्यानात आला नाही.

"बरं, झालं ते झालं," मुकादम म्हणाले. "मी आपला उतरतो."

"उतरू नका," प्रभुदास घाईनं म्हणाला. "तुमी उतरलात, की वरून बनुबाई दनकन खाली येनार. आदी चौघांनी पाळना दाबून धराया पायजे."

"मग धरा की."

चौघं एकमेकांकडं बघू लागले. मग प्रभुदास शांतपणे सावलीत जाऊन बसला आणि बाकीचे तिघे त्याच्या शेजारी बसले.

"अरे, धरा ना," नबीलाल म्हणाला.

"आमी तुमचं न्हाई ऱ्हायलो, मालक. अंगठं दिलं आमी. शेवटचा फेरा म्हनून हात लावला, तर खांदा निखळाया आला. आता खांदा गेला तर कॅम्पात पेट्या कोन उचलनार?"

"म्हणजे तुम्ही माझी माणसं," मुकादम पाळण्यातून म्हणाले. "मग मी सांगतो. धरा."

"वहीत काय लिवलंय सायब? हमाल. ज्याचं काम त्यानंच करायचं, ह्ये तुमीच सांगितलं. पाळना काय हमाली न्हाई."

मुकादमांनी वही उघडून पाहिली. तिथं हमालच लिहिलं होतं. माणूस प्रामाणिक, त्यांनी वही मिटली.

गर्दीतून दोघं-तिघं गावकरी बाह्या सरसावून पुढं आले. प्रभुदास बसल्या जागेवरून म्हणाला, "धरा, धरा. हात सुटला तर बनुबाईचं काय व्हईल त्ये तुमी बघा." गावकरी आले तसे मागं गेले.

"ये, कुनी हात लावू नका," वरून बनुबाई ओरडली. तिला कसलीच घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच ती एवढ्या उंचावर बसली होती आणि तिथून तिला सगळी शिवारं दिसत होती. "माज्या जावंची म्हस पाटलाच्या हरभऱ्यात शिरलीय. निरोप द्या कुनीतरी. आनि राहीबाईच्या छपराला भोक पडलंय, तिला ठावं हाय का?" खाली उभी असलेली राहीबाई लगबगीनं घराकडं निघाली. मग आणखी चार बाया पाळण्याखाली येऊन आपापल्या घराची खबर विचारू लागल्या.

चार वाजता लॉरी आली. मागं माणसं दाटीवाटीनं उभी होती. लॉरीवाल्यानं भोंगा वाजवला आणि मुकादमांना हाक मारली, "चला साहेब, बसा."

"उतरता येत नाही."

लॉरीवाल्यानं खाली वाकून पाहिलं. मुकादमांचे पाय जमिनीपासून वीतभरच उंच होते. त्यानं मुकादमांच्या तोंडाकडं पाहिलं आणि जास्त काही विचारलं नाही. "दिवस बुडायच्या आत नगर गाठायचा हुकूम आहे," तो म्हणाला. "माझा चहा पिऊन होईपर्यंत थांबतो." आणि तो समोरच्या चहाच्या पालात जाऊन बसला.

नबीलाल चहाच्या पालाकडं बघत राहिला. बशीभर चहा संपला, की त्याचा पाळणाही संपणार होता. तेवढ्यात बाबाजान पुढं झाला. आपल्या वजनामुळं हा पेच झाला याची त्याला टोचणी लागली होती आणि पेच सोडवायची त्याला एकच रीत माहीत होती. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, नबीलालचा हात धरून पाळण्याजवळ नेला, मुकादमांचाही हात ओढला आणि दोन्ही हातांवर पंचा टाकला. शेरडांच्या बाजारात असाच सौदा व्हायचा. कशाचा सौदा ते मोठ्यानं सांगायचं आणि आकडा पंच्याखाली बोटं दाबून ठरवायचा. पंचा उचलला, की सौदा पक्का. मग तो मोडायची कुणाची छाती व्हायची नाही.

"चार नग," बाबाजाननं पुकारा केला. "बोला."

प्रभुदास ताडकन उठला. "आमी काय शेरडं हाय का?"

बाबाजाननं त्याच्याकडं नीट पाहिलं. तो थोडा विचारात पडला. "न्हाई," तो म्हणाला. "शेरडाला हात नसतो, म्हनून त्याचा मालक हात घालतो. तुला तर हात हाय." असं म्हणून त्यानं मुकादमांचा हात पंच्यातून बाहेर काढला आणि त्या जागी प्रभुदासचा घातला. "बोल. सौदा कशाचा?"

"म्हैन्यातल्या रईवारचा," प्रभुदास मोठ्यानं म्हणाला, म्हणजे बाकीच्या तिघांनाही ऐकू गेलं. "किती रईवार सुट्टी, त्याचा."

गर्दी पंच्याभोवती दाटली. नबीलालनं मनाशी हिशेब केला होता, एकापासून सुरू करायचं आणि दोनावर थांबायचं. त्यानं पंच्याखाली प्रभुदासचं एक बोट दाबलं. प्रभुदासनं त्याची चार बोटं धरली. नबीलालनं दोन बोटं धरायला हात पुढं केला आणि प्रभुदासचा तळवा त्याच्या हातात आला.

बारा वर्षांत नबीलालनं हा हात कधी हातात घेतला नव्हता. कपाळाला हात लावून ताप पाहिला होता, पण हात धरायचं कधी कारणच पडलं नव्हतं. तळव्याला बोराएवढे घट्टे होते. करंगळी वाकडी होऊन तशीच राहिली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी एक जुना चिरा होता, आऱ्याच्या फळीनं कापलेला असावा. ते आरे आपल्या बापानं घडवले म्हणून नबीलाल दर साली त्यांना तेल लावायचा. या हातांना त्यानं काय लावलं होतं? त्याला लाज वाटली. अशी वाटली, की सौदा चालू आहे हेच तो विसरला. पालात लॉरीवाल्यानं शेवटचा घोट घेऊन बशी खाली ठेवली. नबीलालनं प्रभुदासची चारही बोटं घट्ट धरली.

प्रभुदासनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. बाबाजाननं पंचा उचलला.

"पक्का," तो म्हणाला. किती, ते कुणीच विचारलं नाही, कारण तशी रीत नव्हती. पण प्रभुदासचं तोंड बघून तिन्ही गड्यांना सगळं समजलं आणि ते उठून उभे राहिले.

"सायब, आमची नावं खोडा," प्रभुदास म्हणाला. मुकादमांनी पाळण्यात बसल्या बसल्याच चार नावं खोडली. त्यांनाही बरं वाटलेलं दिसत होतं. चौघांनी पाळणा दाबून धरला आणि मुकादम उतरायला निघाले, तर समोरचा आडवा दांडा त्यांच्या पोटात रुतून बसला. दोघा गावकऱ्यांनी ओढलं, शरिफानं खोबरेल आणून दिलं, बाबाजाननं "श्वास सोडा, श्वास सोडा" असा सल्ला दिला. या गडबडीत लॉरीवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. इकडून कुणीच येत नाही आणि मुकादमांना पाळण्यातून निघायचंच नाही, असं त्याला दिसलं. तो निघून गेला. मुकादम मोकळे झाले तेव्हा नगरच्या रस्त्यावर नुसता धुरळा दिसत होता.

"उद्या सकाळी गाडी मिळंल," शरिफा त्यांना म्हणाली. "आज जेवायला आमच्याकडंच ऱ्हावा."

बनुबाईला अलगद खाली आणलं. ती खाली उतरली, पण तिचा फेरा झालेला नव्हता आणि ते ती विसरली नव्हती. नबीलाल तिला म्हणाला, "मावशी, बसा परत, आता नीट जोड लावून फिरवतो." मग गड्यांकडं वळून म्हणाला, "चला रे, चला. गर्दी बघा किती झाली."

कुणीच हललं नाही.

"मालक," प्रभुदास म्हणाला, "आज वार कंचा?"

नबीलालनं बोटं मोजली. त्याचा चेहरा उतरला. "रविवार."

"सौदा पक्का झाला न्हवं?"

नबीलालनं बाबाजानकडं पाहिलं. बाबाजाननं पंचा खांद्यावर टाकला आणि तो आभाळाकडं बघू लागला. पंच्याखालचा शब्द होता, तिथं मेहुणाही कामाचा नव्हता.

"बरं बाबा," नबीलाल म्हणाला. "सुट्टी तर सुट्टी. उपासनेला जा."

"उपासना सकाळी असती. ती तर गेली," प्रभुदास म्हणाला. मग चौघांत काहीतरी कुजबुज झाली. चौघांनी आपापल्या कमरेची चंची सोडली, एकेक पैसा काढला आणि रांग लावून ते शरिफाच्या डब्यापुढं उभे राहिले.

"काय रं?" शरिफानं विचारलं.

"पाळन्यात बसायचंय," प्रभुदास म्हणाला. "आमी कदी बसलोच न्हाई."

शरिफानं नवऱ्याकडं पाहिलं आणि गुपचूप चारही पैसे डब्यात टाकले. बनुबाई म्हणाली, "बसू द्या त्यास्नी आदी. मी तवर बांगड्या भरून येती." चार पाळण्यांत चौघं बसले. जोडी लावायची गरजच नव्हती. बारा वर्षं एका ताटात जेवलेली माणसं ती, वजनाला सारखीच होती.

फिरवायला मात्र कुणी नव्हतं. बाबाजान म्हणाला, "दलालानं माल उचलायचा नसतो," आणि तो शेरडांच्या बाजाराकडं चालता झाला. नबीलालनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. सखाहरी मुकादमांनी इकडंतिकडं पाहिलं, वही शरिफाकडं दिली आणि कोट काढून ते नबीलालच्या शेजारी उभे राहिले. "मला बसवून घेतलंत," ते म्हणाले. "तेवढं तरी करतो."

नबीलालनं खालून खांदा लावला आणि मुकादम आऱ्याला लोंबकळले. आता त्यांचं पोट कामाला आलं. पाळणा सरसर फिरू लागला. तंबूपुढं चांगलीच गर्दी जमली. प्रभुदास खाली आला, की एखादा शब्द टाकून वर जाई आणि पुढचा शब्द पुढच्या फेऱ्याला येई.

"मालक..."

"वरून..."

"आपला तंबू..."

"लई ल्हान दिसतो."

नबीलालला हसू आलं, पण हसायला दम उरला नव्हता. दहाव्या फेऱ्याला त्याचा खांदा ठणकू लागला, विसाव्याला हात कुठला आणि पाठ कुठली ते कळेनासं झालं. तेलपाणी केलेला आरा हाताला गुळगुळीत लागतो असं तो जन्मभर समजत आला होता. पाळणा जरा हळू झाला तसा तो खांबाला टेकला. मुकादमही आऱ्यावरून उतरून त्याच्या शेजारी येऊन टेकले. दोघांचे सदरे अंगाला चिकटले होते.

नबीलालनं शरिफा ऐकत नाही ना, हे बघून घेतलं. मग हळूच विचारलं, "मुकादम, तुमच्या कॅम्पात रविवारची सुट्टी खरंच मिळते का हो?"

"हमालांना मिळते," मुकादम कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "मुकादमाला नाही."

वर चौघं गडी पाय हलवत, मोठमोठ्यानं बोलत बसले होते. तेवढ्यात प्रभुदासनं पाळण्यातून वाकून खाली पाहिलं.

"ओ," तो म्हणाला, "गप्पा मागनं हाना. पाळना थांबाया लागलाय."

नबीलालनं मुकाट्यानं खांदा लावला.